कारखान्याचे दार आणि चौथीच्या वर्गातील पट्टी

(जवाहरनगर येथे जमलेल्या प्राथमिक शिक्षक-शिक्षिकांपुढे केलेले भाषण)



देशातील नोकरभरती आणि कुशल मनुष्यबळाचा तुटवडा, हा विषय मला आज देण्यात आला आहे. प्राथमिक शिक्षकांच्या सभेत हा विषय कशासाठी, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल आणि तो रास्तही आहे. आपल्यापुढे बसणाऱ्या मुलाचे दुधाचे दात अजून पडावयाचे आहेत. त्याच्या नोकरीची चिंता आपण आजपासून कशाला वाहावी? परंतु ज्या गावी आपण जमलो आहो, ते गावच मुळी एका कारखान्याभोवती वसलेले आहे. तेव्हा उत्तर शोधण्यासाठी दिल्ली-मुंबईस जाण्याचे कारण नाही. ते येथेच दाराशी मिळेल असे मला वाटते.

१९६० च्या दशकात येथे आयुधनिर्माणी उभी राहिली. तोफगोळ्यांना आणि रॉकेटांना लागणारी प्रणोदके व स्फोटके येथे तयार होतात. भोवतालच्या ठाणा, शहापूर, परसोडी या गावांतील, आणि दूरदूरच्याही, कितीतरी घरांची चूल या कारखान्यावर पेटली. घरातील एक माणूस निर्माणीत लागला की पाठच्या भावंडांचे शिक्षण झाले, बहिणींची लग्ने झाली, कौलारू घराचे पक्के घर झाले. 'निर्माणीत लागणे' हा शब्दप्रयोग या भागात एका संपूर्ण जीवनाचे नाव होऊन बसला आहे.

परंतु ते काम कसे असते, याचा विचार पेढे वाटताना फारसा कोणी करीत नाही. कापसासारख्या तंतूवर नत्राम्ल आणि गंधकाम्ल यांच्या मिश्रणाची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज बनवितात. त्यात तापमान ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ द्यावयाचे नसते. आम्लाचा अंशही शिल्लक राहू नये म्हणून माल पुनःपुन्हा धुवावा लागतो. अशा इमारतींच्या दारावर एका वेळी आत किती माणसे असावीत आणि किती माल असावा, याचे आकडे लिहिलेले असतात. ठिणगी पडणार नाही अशा धातूची हत्यारे वापरावी लागतात. पायांतील जोडाही वेगळा असतो. येथे ताकदीपेक्षा अधिक मोल आहे ते लिहिलेले नेमके वाचण्याला, आकडा नेमका पाहण्याला, आणि वाचले-पाहिले त्याप्रमाणे दर वेळी, कंटाळा न करता, तसेच वागण्याला. २४ जानेवारी २०२५ रोजी याच आयुधनिर्माणीत झालेल्या स्फोटात कामगार मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेची मीमांसा करणे हे माझे काम नव्हे, आणि गेलेल्यांच्या कौशल्याविषयी एक अक्षरही बोलण्याचा अधिकार येथे कोणास नाही. मी उल्लेख केला तो एवढ्याचसाठी, की आपल्या वर्गातील मुले उद्या ज्या कामावर जाऊ इच्छितात ते काम किती जोखमीचे आहे, याचे भान आपणांस असावे.

आता भरतीचे रूप कसे बदलले ते पाहू. पूर्वीची पद्धत सरळ होती. १९५९ चा सेवायोजन कार्यालयांसंबंधीचा कायदा १९६० मध्ये अमलात आला आणि मोठ्या आस्थापनांनी रिकाम्या जागा त्या कार्यालयांस कळविणे बंधनकारक झाले. मुलगा तेथे नाव नोंदवी, कार्ड सांभाळून ठेवी आणि बोलावण्याची वाट पाही. त्याच सुमारास १९६१ चा शिकाऊ उमेदवारीचा कायदाही आला. आज त्या सेवायोजन कार्यालयास जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असे लांबलचक नाव आहे. नाव लांबले, रांग मात्र आखूड झाली. कारण वाट पाहण्याजोगे कायमचे बोलावणेच दुर्मीळ झाले आहे.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील सर्व आयुधनिर्माण्या ७ सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या आणि येथील निर्माणी पुण्याच्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे गेली. त्यानंतर येथे धोक्याच्या इमारतींत काम करणाऱ्या कामगारांसाठी ज्या जाहिराती निघाल्या, त्यांतील नेमणुका मुदतीच्या आहेत: आरंभी एक वर्ष, वाढवीत वाढवीत फार तर चार वर्षे. आणि या जागा वाटेल त्याला खुल्या नाहीत. रासायनिक संयंत्राचा परिचर-चालक, ज्याला मुले 'एओसीपी' म्हणतात, त्या व्यवसायाची शिकाऊ उमेदवारी पुरी केलेला तरुणच त्यांस पात्र. त्या अभ्यासक्रमास विज्ञान व गणित घेऊन दहावी उत्तीर्ण व्हावे लागते. म्हणजे उंबरठा वर गेला आणि आतली ओसरी मात्र अरुंद झाली. येथेच असे झाले असे नव्हे. देशातील संघटित कारखान्यांत आज दर १० कामगारांपैकी सुमारे ४ कंत्राटी आहेत. मुदतीची नोकरी म्हणजे काय, हे आपणांस समजावून सांगण्याची गरज नाही. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर काढलेले कितीतरी जण माझ्यासमोर बसलेले आहेत.

या मुदतबंद भरतीचा अर्थ मुलाच्या दृष्टीने काय? पूर्वी माणूस एकदा काम शिके आणि त्यावर जन्म काढी. आता त्याला चार वर्षांनी दुसरे दार ठोठवावे लागेल. ते दार कदाचित गडेगावच्या अशोक लेलँडच्या गिअरबॉक्स कारखान्याचे असेल, कदाचित वरठीच्या सनफ्लॅग पोलादाचे, कदाचित तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणीचे, नाहीतर नागपूरकडच्या एखाद्या कारखान्याचे. प्रत्येक ठिकाणी यंत्र निराळे, नियमांचा कागद निराळा. एका यंत्राचे शिक्षण दुसऱ्या यंत्रावर पुरे पडणार नाही; पण न पाहिलेला कागद वाचून समजून घेण्याची शक्ती सर्वत्र बरोबर जाईल.

ही शक्ती आपल्या तरुणांत किती आहे? येथे थोडे आकडे देतो. २०२२-२३ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत देशातील एकूण बेकारीचे प्रमाण ३.२ टक्के होते. पदवीधरांत तेच १३.४ टक्के. आणि १५ ते २९ वयाच्या तरुणांत रीतसर व्यवसायशिक्षण घेतलेले अवघे ४.४ टक्के. एकीकडे कारखानदार माणूस मिळत नाही म्हणतो, दुसरीकडे पदवी घेतलेला मुलगा पारावर बसून आहे, ही विसंगती आपण रोज पाहतो. कारखानदाराची तक्रार सर्वस्वी खरी मानण्याचे कारण नाही, हेही सांगून टाकतो. तुटपुंज्या वेतनावर, मुदतीने, कुशल माणूस मागावयाचा आणि तो मिळाला नाही म्हणजे तुटवडा म्हणावयाचे, असेही पुष्कळदा चालते. आणि पालकांची धावही आंधळी असते. डी.एड. चे आपण पाहिलेच आहे. लागोलाग नोकरी मिळते म्हणून गावोगावचे मुलगे-मुली तिकडे लोटले, जमिनी विकून प्रवेश घेतले गेले, आणि २०१२ च्या सुमारास भरती थांबली. अभियोग्यता चाचणी झाली ती २०१७ च्या डिसेंबरात. तोवर किती जणांची उमेदीची वर्षे गेली, हे आपल्यापैकी पुष्कळांना घरातल्याच कोणाच्या तरी उदाहरणावरून ठाऊक आहे. म्हणून अमुक अभ्यासक्रमास जा, असे पाचवीच्या मुलाला सांगण्याच्या भरीस आपण पडू नये. तो मोठा होईपर्यंत ते दार उघडे राहील की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही.

मग आपले काम कोणते? माझ्या मते ते 'असर' या पाहणीच्या २०२३ च्या अहवालात स्पष्ट दिसते. २६ राज्यांतील २८ ग्रामीण जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची ही पाहणी होती. सुमारे चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूर सहज वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून अधिक मुलांना जमले नाही. याहून मला महत्त्वाची वाटली ती एक साधी चाचणी. पट्टीवर ठेवलेल्या वस्तूची लांबी सांगावयाची. वस्तूचे एक टोक शून्यावर होते तेव्हा सुमारे ८५ टक्के मुलांनी उत्तर बरोबर दिले. तीच वस्तू शून्यापासून थोडी सरकविली, तेव्हा बरोबर उत्तर देणारे ३९ टक्केच उरले.

या एका आकड्यावर थोडे थांबू या. त्या मुलांनी पट्टी पाहिलेली नव्हती, असे नाही. त्यांनी दहा वर्षे शाळेत पट्टी वापरली. परंतु लांबी म्हणजे दोन टोकांमधले अंतर, हे त्यांना समजले नव्हते; वस्तू संपते तेथला आकडा वाचावयाचा, एवढेच ती शिकली होती. आपणच तसे शिकविले. वस्तू शून्यावर ठेवून दाखविली, मुलांनी ठेवली, उत्तर जुळले, आपण बरोबरची खूण केली. गणित कच्चे आहे हे दिसण्याची वेळच कधी आली नाही. पुढे हा मुलगा कारखान्यात गेला, आणि समजा मापकाचा काटा रिकाम्या स्थितीतही शून्यावर नसून दोनावर असला, तर तो काय वाचील? कारखान्याच्या दाराशी दिसणारी कौशल्याची उणीव कित्येकदा आपल्या चौथीच्या वर्गात जन्मलेली असते आणि दहा वर्षे कोणास न दिसता वाढलेली असते.

त्याच पाहणीत क्षारसंजीवनीच्या, म्हणजे ओ.आर.एस. च्या पाकिटावरील सूचना वाचावयास दिल्या होत्या. पहिलीच्या पातळीचे किंवा त्याहून अधिक वाचू शकणाऱ्यांनाच हे प्रश्न विचारले. त्यांतीलही साधारण दोन तृतीयांश मुलांनाच ४ पैकी निदान ३ प्रश्नांची उत्तरे देता आली. अक्षर येते पण सूचना कळत नाही, अशी ही स्थिती आहे. आपण वर्गात गोष्टी वाचून घेतो, कविता पाठ करून घेतो, आणि ते अवश्य करावे. परंतु सूचनेचे वाचन ही निराळी विद्या आहे. गोष्टीत एखादा शब्द सुटला तरी अर्थ लागतो. सूचनेतला 'आधी' किंवा 'नंतर' सुटला तर सारेच उलटे होते.

यासाठी सामग्री विकत आणावी लागत नाही. शालेय पोषण आहाराच्या खोलीतील पाकिटे आहेत, ग्रामपंचायतीच्या फलकावरील सूचना आहेत, घरोघरी धानावर फवारण्याच्या औषधाच्या बाटल्या आहेत. बाटली मात्र वर्गात आणू नये. तिच्यावरचा मजकूर फळ्यावर उतरून घ्यावा. पंपात १५ लिटर पाणी मावते आणि लिटरला २ मिलिलिटर औषध सांगितले आहे, तर एका पंपास किती, हे चौथीच्या मुलाला विचारावे. मग पंप दोनतृतीयांशच भरला तर किती, हे पाचवीच्या मुलीला. शाळेमागच्या बांधीची लांबी मोजावयाची तर टेप मुद्दाम दहा फुटांच्या खुणेपासून धरावी. पुढचे टोक फाटलेली टेप प्रत्येक गावात एखादी असतेच.

असे काम आपल्या प्रांतास नवे नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात येथून जवळच, वर्ध्यास, हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याचा विचार देशापुढे मांडला गेला. पुढे कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभव सुचविला. आपण त्याचे काय केले? कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुले केली, तपासणीच्या दिवशी ती भिंतीवर लावली आणि श्रेणी भरून टाकली. फुलांशी माझे वैर नाही. परंतु फूल करण्यापूर्वी कागद किती सेंटिमीटर लांब कापावयाचा, तो एका तावातून किती निघेल आणि वाया किती जाईल, हे विचारले असते तर तेच फूल गणिताचे झाले असते.

कोणी म्हणेल, आम्हांस वेळ कोठे आहे? माहिती भरावयाची, निपुणच्या नोंदी ठेवावयाच्या, दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळावयाचे. ही अडचण खरी आहे आणि ती वरिष्ठांपुढे मांडली पाहिजे. तुमच्या वतीने ती मीही मांडीन. तूर्त मी मागतो ते नवीन काम नव्हे. पट्टीचा पाठ आपण शिकवितोच. तो शिकविताना वस्तू शून्यावरून सरकवा, एवढेच.

बाहेरच्या मेजावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचे गठ्ठे ठेवले आहेत. त्यांवर आकडे ३ पासून सुरू होतात. त्याआधीचा भाग मुद्दाम कापला आहे. प्रत्येक शाळेने दहा न्याव्यात. चौथी व पाचवीच्या प्रत्येक मुलाकडून पेन्सिलीची लांबी मोजून घ्यावी, कोणास मदत करू नये, आणि जे उत्तर येईल ते, चूक असले तरी तसेच, कागदावर लिहून पुढच्या महिन्याच्या सभेस आणावे. कागदावर मुलांची नावे नकोत.