भार कोठे जातो?



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता, अर्थकारण ऐकता. तेथे मोटारीच्या पाट्यांवर आणि तारांवर बोलण्यास एका कामगार-संघटकाला बोलवावे, हे संयोजकांचे धाडसच म्हणावयाचे. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. यंत्राचे जे काही मला समजते, ते गॅरेजच्या दारात मिस्त्रींच्या शेजारी बसून आणि रात्री पुस्तके चाळून समजले आहे. तेव्हा भाषा रांगडी वाटली तर सांभाळून घ्यावे.

पिकअप नावाची छोटी मालगाडी आपण रोज पाहता. पुढे केबिन, मागे उघडा हौदा. हल्ली ती डांबर सोडून दगडधोंड्यांच्या वाटेनेही जाऊ लागली आहे. कोणी हौसेने लडाखकडे निघतो, कोणी गरजेपोटी डोंगरातल्या वाडीवर पाण्याची टाकी पोहोचवितो. निघण्यापूर्वी दोघेही गॅरेजात जातात आणि मिस्त्रीला सांगतात, "पाटे वाढव आणि दिवे वाढव." या एवढ्याशा हुकमात काय काय दडलेले आहे, ते मला आज सांगावयाचे आहे.

पहिल्याने पाटे घेऊ. बैलगाडीला पाटे नसतात. चाकाला बसलेला दणका गाडीच्या कण्यातून निघतो तो थेट माणसाच्या कण्यात शिरतो. मोटारीत आस आणि चासी यांच्यामध्ये पोलादी पट्ट्यांची चळत असते. सर्वांत लांब तो मूळ पाटा, आणि त्याखाली क्रमाने आखूड होत गेलेले बाकीचे. खड्डा आला की चळत वाकते, पाटे एकमेकांवर घासतात आणि धक्का सौम्य होऊन वर पोहोचतो. त्याच जाडीचे पाटे वाढविले तर चळतीचा ताठपणा साधारण त्याच प्रमाणात वाढतो. पण एका पाट्याची जाडी दुप्पट केली, तर त्याचा ताठपणा दुप्पट न होता आठपट होतो! हा हिशेब गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही.

मालक म्हणतो, ताठ झाले तर बरेच झाले, माल जास्त बसेल. परंतु खडबडीत वाटेवर चाकाला दगडावर चढता आले पाहिजे, तसे खड्ड्यात उतरताही आले पाहिजे. जमिनीला न टेकलेले चाक गाडी ओढीत नाही आणि थांबवीतही नाही. ताठ पाट्यांची रिकामी गाडी नुसत्या उड्या मारीत जाते. म्हणून शहाणा मिस्त्री आधी विचारतो, गाडीत कायमचे वजन किती राहणार? पाणी, इंधन, हत्यारे, माणसे धरून गाडी काट्यावर घालून आणा, मग पाटे ठरवू.

पाट्याची उसळी आवरतो तो शॉक ॲब्सॉर्बर. आतले तेल बारीक छिद्रांतून ढकलून तो उसळीची उष्णता करतो. पन्हाळी पडलेल्या कच्च्या रस्त्यावर तासन्‌तास गाडी चालली की ते तेल तापते, फेसाळते आणि आवरण्याची ताकद जाते. म्हणून लांबच्या वाटेला जास्त तेलाचे आणि दाबाखाली नायट्रोजन भरलेले शॉक ॲब्सॉर्बर घालतात. गाडी दोन इंच उचलली तर ब्रेकच्या रबरी नळ्या पुरतात की नाही, तेही पाहावे लागते. कित्येक पिकअपांत मागच्या आसेला जोडलेला एक झडपेचा दांडा असतो. हौदा किती दबला यावरून तो मागच्या ब्रेकचा जोर ठरवितो. पाटे ताठ केले, गाडी उंच झाली, की गाडी भरलेली असूनही झडप तिला रिकामी समजते. मग उतारावर ब्रेक अपुरा पडतो.

आमच्या युनियनकडे आलेली एक तक्रार सांगतो. एका वाहतूकदाराने पिकअपला दोन पाटे वाढविले. पाटे शाबूत राहिले. काही महिन्यांनी केबिनच्या मागे चासीला तडा गेला. वेल्डिंगचा खर्च ड्रायव्हरच्या पगारातून कापला. म्हणे, गाडी हाणली. आम्ही विचारले, पाटे वाढविलेत, तशी चासी वाढविली काय? आस वाढविली काय? ब्रेक वाढविले काय? पैसे परत मिळाले. पाटा ताठ केल्याने भार नाहीसा होत नाही. तो पुढच्या दुबळ्या जागेवर जाऊन बसतो.

विजेचाही न्याय हाच. बॅटरी १२ व्होल्टची. ५५ वॅटचे दोन जादा दिवे लावले की सुमारे ९ अँपिअर प्रवाह वाहतो. त्यासाठी पुरेशी जाड तार, १५ अँपिअरचा फ्यूज आणि बटणावर ताण येऊ नये म्हणून रिले, एवढे पुरते. पण फ्यूज उडाला की आपल्याकडे सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात! फ्यूज हा दिव्याचा राखणदार आहे, असा समज आहे. खरे पाहता तो तारेचा राखणदार आहे. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. धक्क्यांनी तार चासीच्या कडेवर घासते, वेष्टन झिजते, तांबे लोखंडाला लागते आणि बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते. शेजारून डिझेलची नळी गेलेली असते. पुढचे सांगावयास नको. म्हणून फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा आणि तार चासीतून जाते तेथे रबरी बूच हवे.

मुक्कामी पंप किंवा शीतपेटी चालवावयाची असेल, तर दुसरी बॅटरी घ्यावी. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीच्या पट्ट्या पातळ असतात; ती क्षणभर मोठा जोर देते, पण पुन्हापुन्हा रिती केली तर लवकर मरते. सावकाश वीज पुरवणारी बॅटरी जाड पट्ट्यांची असते. दोहोंच्या मध्ये असा रिले हवा, की इंजिन चालू असतानाच त्या जोडल्या जातील. त्यांना जोडणाऱ्या तारेला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण वीज दोन्हीकडून येते.

कायद्याचेही ऐका. मोटार वाहन कायदा, १९८८, याचे ५२वे कलम वाहनाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. आणि पाटे कितीही वाढविले, तरी नोंदणीपत्रावरचा भार एका किलोनेही वाढत नाही.

भाराची अखेरची जागा मात्र नोंदणीपत्रावर नसते. आस टिकली, चासी टिकली, तरी ताठ पाट्यांतून आलेला दणका बैठकीपर्यंत पोहोचतो, आणि बैठकीवर ड्रायव्हर असतो. १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने त्याच्या कामाचे ८ तास मोजावयास शिकविले. युरोपीय संघाने २००२ साली कामगाराच्या अंगात शिरणाऱ्या थरथरीचे मोजमाप ठरवून तिला मर्यादा घातली. आपल्या गावातल्या ड्रायव्हरची थरथर कोण मोजतो? पन्नाशीच्या आत कंबरेला पट्टा बांधलेली माणसे आमच्या कचेरीत येतात. त्यांच्या मणक्याला मिस्त्री जादा पाटा घालू शकत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. गाडी अवश्य सुधारा, डोंगरात अवश्य न्या. वाडीवर पाणी पोहोचलेच पाहिजे. पण गॅरेजात पाटा वाढविण्यास सांगाल तेव्हा, येथून उचललेला भार आता कोठे जाणार, एवढे मिस्त्रीला विचारा. आणि गाडी चालविणारा शेजारी उभा असेल, तर त्यालाही विचारा. त्याला ते पाठ असते.