गेटजवळचं पाण्याचं मशीन
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



सेक्रेटरींनी मला पाच मिनिटं दिली आहेत. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ती पुरणं कठीण, तरी प्रयत्न करतो.

गेटजवळचं मशीन आपण समोरच्या वस्तीलाही स्वच्छ पाणी मिळावं म्हणून बसवलं. पाच रुपयांत दहा लिटर. नाणं टाका, किंवा फोनवरून पैसे भरून वॉचमनला दाखवा, तो बटण दाबतो.

मागच्या वर्षी हिशेब जुळेना. मीटरप्रमाणे पाणी जास्त गेलेलं, खात्यात पैसे कमी. बटण वॉचमनच्या हातात, म्हणून बोटही त्याच्याकडेच गेलं. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. एका रविवारी मी स्वतः कॅन घेऊन गेलो. क्यूआर कोड स्कॅन केला, तर फोनवर सोसायटीऐवजी भलतंच नाव! नखाने खरवडलं, तर आपल्या स्टिकरवर दुसरं स्टिकर. पैसे देणारे प्रामाणिक, वॉचमनही प्रामाणिक, चोर तिसराच. मी त्याची माफी मागितली. "साहेब, मला कुणी विचारलंच नाही," एवढंच तो म्हणाला. ते अजून टोचतं.

बँकेत स्ट्राँगरूमची किल्ली एकाच्या हातात नसते. हा अविश्वास नव्हे. कुणावर खोटा आळ येऊ नये म्हणून ही सोय. तेव्हा आपणही काही गोष्टी पाळू या.

पैशाच्या पेटीला दोन कुलपं, किल्ल्या दोघांकडे. दर आठवड्याला मीटर, पेटी आणि बँकेचं स्टेटमेंट, तिन्ही एकमेकांशी ताडून पाहायचे. क्यूआर कोड अ‍ॅक्रिलिकच्या आत, स्क्रूने पक्का. वॉचमनने रोज सकाळी त्यावरून बोट फिरवावं. पैसे भरणाऱ्याने आधी नाव वाचावं. पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणारा डबा चालू असावा, म्हणजे फोनचा स्क्रीन बघून विश्वास ठेवायला नको. आणि फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. वेळ गेला की पैसे पुढे सरकतात.

आता नाण्यांचं. मशीन नाण्याचा व्यास, जाडी आणि धातू तपासतं. आपलं पाचाचं नाणंच आजवर तीन धातूंत निघालं : जुनं जाड तांबं-निकेलचं, मग स्टीलचं, मग पिवळसर. त्यामुळे एखादं परत आलं तर मशीनला बुक्की मारू नका, दुसरं टाका. ओलं नाणं पुसून टाका. नाणं जाण्याची वाट महिन्यातून एकदा, वीज बंद करून, कोरड्या मऊ ब्रशने साफ करावी. तेल अजिबात नको. तेलावर धूळ बसते आणि नाणं अडकतं. पावसाळ्याआधी वरचा पत्रा आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. पाणी आणि वीज शेजारी-शेजारी आहेत, आणि तिथे उभी राहतात ती बहुतेक लहान मुलंच.

येत्या रविवारी सकाळी दहाला पेटी उघडायची आहे. दोन तरुण सभासद हवेत. वॉचमनलाही बसवू, त्याच्यासमोरच मोजू. माझे गुडघे दुखतात, पण खुर्ची दिलीत तर नाणी मोजायला मी आहे.