उघडी कुलुपं आणि साठ आकडे



मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून संयोजकांनी मला प्रश्न दिला आहे : व्हॉट्सॲपवरचं आपलं बोलणं मधे कोणी वाचतं का?

व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सर्वांसाठी एंड-टू-एंड एन्क्रिप्शन पूर्ण केलं. मूळ पद्धत सिग्नल ॲपची. त्यात खरी अडचण अशी, की समोरच्याचा फोन बंद असला तरी मेसेज कुलूप लावूनच निघायला हवा. म्हणून प्रत्येक फोन आपली काही उघडी कुलुपं सर्व्हरवर आधीच ठेवून देतो. किल्ल्या मात्र फोनमध्येच राहतात. मला तुम्हाला लिहायचं असलं की माझा फोन तुमचं एक कुलूप घेऊन मेसेज बंद करतो. पुढे दर मेसेजला किल्ली बदलते, त्यामुळे एक किल्ली हाती लागली म्हणून जुने मेसेज उघडत नाहीत.

आता शंका घ्या. सर्व्हरने तुमच्याऐवजी भलत्याचंच कुलूप मला दिलं तर? त्यासाठी संपर्काच्या माहितीत 'एन्क्रिप्शन' उघडा. साठ आकडे आणि क्यूआर कोड दिसेल. दोघांच्या फोनवरचे आकडे जुळले, तर मधे कोणी नाही. ही पडताळणी समोरासमोर उत्तम होते, आणि आज आपण सगळे एका सभागृहात आहोत!

हे आकडे फोन बदलला किंवा ॲप पुन्हा टाकलं तरी बदलतात. पण ओटीपी उकळून कोणी तुमचं खातं दुसऱ्या फोनवर नेलं, तरीही बदलतात. म्हणून सेटिंगमध्ये सुरक्षेच्या सूचना सुरू ठेवा. 'कोड बदलला' असं दिसलं आणि पाठोपाठ पैशांची मागणी आली, तर आधी फोन करून आवाज ऐका.

दोन गोष्टी एन्क्रिप्शन करत नाही. कोण कोणाशी केव्हा बोललं, हे ते लपवत नाही. आणि ज्याला मेसेज मिळाला त्याने स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवला, तर ते थांबवत नाही. बॅकअपला कुलूप लावायची सोय २०२१ पासून आहे, पण ती आपण सुरू करावी लागते. त्याचा पासवर्ड विसरलात तर कंपनीही उघडून देऊ शकत नाही, तेव्हा तो घरी वहीत लिहून ठेवा.

चला, जेवणाची रांग लागेपर्यंत शेजारच्याचा कोड स्कॅन करून घ्या. जमलं नाही तर मी इथेच आहे.