लागलं कशानं, बाई?

आजचं हे बोलणं आधी आपल्या दवाखान्यांत काम करणाऱ्यांसाठी आहे. डॉक्टर, सिस्टर, आशाताई, केसपेपर काढणारा कारकून, ड्रेसिंग करणारे मामा, सगळ्यांसाठी. घरी बसून ऐकणाऱ्या बायांनीही ऐकावं, कारण दवाखान्यात गेल्यावर आपला हक्क काय, हे त्यांनाही माहीत हवं.

"न्हाणीत पाय घसरला जी." "दाराची चौकट लागली." "गाईनं ढुशी देल्ली." वऱ्हाडातल्या कुठल्याही ओपीडीत ही उत्तरं ऐकू येतात. कधी ती खरीही असतात. पण शरीर वेगळं सांगत असेल तर तिकडे लक्ष द्यायला हवं. पाय घसरून पडणारा माणूस हात टेकतो, म्हणून त्याचे तळवे, कोपरं, गुडघे सोलवटतात. मार खाल्लेल्या बाईचे वळ मात्र पाठीवर असतात, दंडाच्या आतल्या बाजूला असतात, मार चुकवायला आडव्या धरलेल्या हातावर असतात. एका कानानं ऐकू येईनासं झालं म्हणून बाई येते, आणि थापडेनं तिच्या कानाचा पडदा फाटलेला निघतो. आवाज बसला, घोट गिळवत नाही अशी तक्रार असेल तर गळा दाबला गेला होता का, हे पाहायलाच हवं. वरून खूण बारीकशी दिसते आणि जिवाला धोका मोठा असतो. जखम परवाची, बाई आज आलेली, आणि विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर शेजारी उभा असलेला नवराच देतो आहे, हेही एक लक्षणच आहे. काही बायांच्या अंगावर तर कुठंच खूण नसते. डोकं दुखतं, झोप लागत नाही, पोटात गोळा येतो म्हणून त्या पुन्हा पुन्हा येतात आणि दर वेळी गोळ्या घेऊन परत जातात.

आता हा मार ओळखायचं काम दवाखान्यानंच का करायचं? पोलीस आहेत, कोर्ट आहे. आहेत, पण ठाण्याची पायरी चढली की संध्याकाळपर्यंत गावभर होतं. माहेरी जायचं तर सासरी विचारावं लागतं. दवाखान्यात जायला मात्र बाईला सहसा कोणी अडवत नाही. लेकराला ताप आहे, लस द्यायची आहे, दिवस गेले आहेत, तांबी बसवायची आहे. तेवढ्यासाठी ती घराबाहेर पडते आणि तेवढ्यापुरती एखाद्या शिकलेल्या, परक्या माणसासमोर बसते. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या दर चार बायांमागे एकीनं नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरातला आकडा याहून बोचरा आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त जणींनी ती कोणालाच सांगितली नव्हती. ना आईला, ना मैत्रिणीला. याच बाया आपल्या रांगेत उभ्या असतात.

आपल्याच राज्यात यावर सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी काम सुरू झालं. २००० साली मुंबई महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' नावाचं केंद्र उघडलं. ते रुग्णालयाच्या बाहेर, वेगळ्या इमारतीत ठेवलं नाही, आतच एक विभाग म्हणून चालवलं. हाडांच्या ओपीडीतून, बाळंतपणाच्या वॉर्डातून, कॅज्युअल्टीतून बाईला तिकडे पाठवता यावं अशी त्याची रचना होती. परिचारिकांना आणि डॉक्टरांना शिकवलं गेलं की मारहाण हा आरोग्याचाच प्रश्न आहे. रात्री घरी परतणं धोक्याचं असेल तर बाईला देखरेखीखाली वॉर्डातच ठेवून घ्यायचं, ही तिथली मला सगळ्यांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट. खाट आहे, पहारा आहे, जेवण आहे. आणखी काय लागतं? पुढे हे काम मुंबईतल्या इतर रुग्णालयांतही गेलं. आपल्याकडे अमरावतीच्या इर्विन आणि डफरीन रुग्णालयांत, अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात रोज आजूबाजूच्या तालुक्यांतून बाया येतात. दर्यापूर, अचलपूर, मूर्तिजापूर, अकोट इथंही दवाखाने आहेत. प्रत्येक ठिकाणी नवी इमारत उभी राहण्याची वाट पाहायची गरज नाही. दार लागणारी एक खोली आणि विचारायला शिकलेलं एक माणूस, एवढ्यावर सुरुवात होते.

विचारायचं कसं? पहिली गोष्ट, एकटीला. नवऱ्यासमोर नाही, सासूसमोर नाही, बोलत्या लेकरासमोरही नाही. "तपासणी करायची आहे, तुम्ही जरा बाहेर बसा" एवढं पुरतं. मग सरळ, हळू आवाजात: "घरी तुमच्यावर कोणी हात उचलतं का? घरी जायची भीती वाटते का?" ती नाही म्हणाली तर तिथं थांबायचं. उलटतपासणी घ्यायची नाही. आज नाही म्हणणारी बाई पुढच्या महिन्यात आपण होऊन बोलते, कारण इथं विचारणारं कोणी आहे हे तिला कळलेलं असतं. आणि ती बोललीच तर मध्ये न तोडता ऐकायचं. "यात तुमची काही चूक नाही" हे वाक्य कित्येक बायांनी आयुष्यात एकदाही ऐकलेलं नसतं. ते मोठ्यानं म्हणायचं.

एक वाक्य मात्र कृपा करून कोणी उच्चारू नका: "घरोघरी हेच असतं, सांभाळून घे." एखादी बाई सगळा धीर एकवटून बोलते आणि पांढऱ्या कोटातलं माणूस हे म्हणतं, तेव्हा तिचं तोंड कायमचं बंद होतं. नवऱ्याला तिथंच बोलावून त्याला चार शब्द सुनावणं तर आणखी धोक्याचं. त्याचा राग घरी गेल्यावर तिच्यावरच निघतो. घरातली गोष्ट घरातच राहावी, असं अजूनही आपण धरून चालतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून बायांच्या या दुःखाला छापील कागदावर आणलं. त्या आपल्या वऱ्हाडातल्या होत्या, हे आपण विसरू नये.

कागदाचं महत्त्व दवाखान्यातही तेवढंच आहे. केसपेपरवर नुसतं "पडून लागले" लिहिलं की पुढे कोर्टात त्या बाईच्या हाती काही उरत नाही. तिनं सांगितलं असेल तर तिच्याच शब्दांत लिहा: कोणी मारलं, कशानं मारलं, कधी मारलं. जखम कुठं, किती लांबीची, कोणत्या रंगाची, हेही लिहा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. आधी तक्रार नोंदवली नाही म्हणून दवाखान्यानं उपचार नाकारायचे नाहीत, हे त्याच्या नियमांत स्पष्ट आहे. घटनेचा अहवाल झालेला नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखांनी तो भरून संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठवायचा आहे, आणि तपासणीच्या अहवालाची प्रत त्या बाईला मोफत द्यायची आहे. बहिणींनो, ही प्रत मागून घ्या. हा कायदा फक्त नवऱ्याच्या मारापुरता नाही. शिवीगाळ, जबरदस्ती, कापूस वेचणीची मजुरी हिसकावून घेणं, घराबाहेर काढणं हेही त्यात येतं, आणि म्हाताऱ्या आईला मारणारा मुलगाही.

आता विषाबद्दल बोलतो. आपल्या घरांत पऱ्हाटीवर फवारायचं औषध कोपऱ्यात, खाटेखाली ठेवलेलं असतं. भांडणानंतर, मारानंतर बाई ते तोंडाला लावते. दवाखान्यात आणल्यावर घरचे सांगतात, "चुकून पिली." पोट धुतात, सलाईन लागतं, जीव वाचतो. आणि चौथ्या दिवशी ती त्याच घरी परत जाते, कारण असं का केलं हे तिला एकटीला कोणी विचारलेलंच नसतं. खरं सांगितलं तर आपल्यावर केस होईल, ही भीतीही असते. ती काढून टाका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही. विषबाधेच्या प्रत्येक बाईला, ती शुद्धीवर आल्यावर, सुटी देण्याआधी एकटीला, असं का केलं, हा प्रश्न विचारलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

गावात विचारण्याचं हे ओझं येतं ते आशाताईंवर. घरोघरी जाणारी तीच, आणि मारणाऱ्याच्या शेजारी राहणारीही तीच. तिनं एकटीनं त्याच्या अंगावर जावं, अशी अपेक्षा कोणी करू नये. तिनं ऐकावं, उपकेंद्राच्या सिस्टरपर्यंत बाईला आणावं, आणि गावात वाच्यता करू नये. तिच्या मागे उभं राहण्याची जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्यांची. मेळघाटात आणखी एक अडचण आहे. धारणी, चिखलदऱ्याकडची कोरकू बाई डॉक्टरशी बोलते ती बरेचदा नवऱ्याच्या तोंडून. तिथं दुभाषी म्हणून कोरकू जाणणारी, त्या घरची नसलेली बाईच हवी.

आणि दवाखान्यात काम करणाऱ्या आपल्यातल्याही काही जणी घरी मार खाऊन ड्यूटीवर येतात, गळ्याभोवती पदर घट्ट घेऊन. घरच्या माराचा हा प्रश्न त्यांनाही कोणीतरी विचारावा.

मदतीचे क्रमांक लिहून घ्या. महिला हेल्पलाईन १८१, तातडीची मदत ११२. जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' केंद्र आहे. तिथं निवारा, समुपदेशन, पोलिसांची आणि वकिलाची मदत एकाच छताखाली मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. दवाखान्यांनी हे क्रमांक बायांच्या संडासाच्या दाराला आतून लावावेत. तिथं तिला कोणी पाहत नाही. चिठ्ठी हातात देताना मात्र आधी विचारा, कारण ती घरी कोणाच्या हाती सापडली तर मार ठरलेला.

दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बाया तपासणीला येतात. गरोदरपणातला मार गर्भपात घडवतो, बाळ कमी वजनाचं जन्माला घालतो, म्हणून वजन आणि रक्तदाबाइतकाच हा प्रश्नही त्या तपासणीचा भाग व्हायला हवा. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे: येत्या नऊ तारखेला बाहेर मंडप टाका, नवऱ्यांना आणि सासूबाईंना तिथं बसवा, चहा द्या, आणि आत प्रत्येकीला पाच मिनिटं एकटीला भेटा.