वाटली तर वाढणारी डॉक्टरकी

(महिला आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आयोजक मैत्रिणींनी मला विषय दिला तो ‘खेड्यातला डॉक्टर आणि समाजसेवा’. असा विषय मिळाला की काय बोलायचं ते ठरल्यासारखंच असतं. शहरातली कमाई सोडून खेड्यात आलेला देवमाणूस, रात्री-अपरात्री दार ठोठावणारे पेशंट, पैसे न घेता दिलेलं औषध आणि शेवटी गावाने केलेला सत्कार. अशी माणसं आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण या गोष्टीत गावातली बाई नेहमी एकाच जागी असते. ती खाटेवर असते, नाहीतर दाराशी हात जोडून उभी असते. डॉक्टर गेला की बाई होती तिथेच राहते.

आज मी आपल्याच अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका डॉक्टर जोडप्याबद्दल बोलणार आहे. त्यांच्या गोष्टीत बाई त्या जागेवरून हलली, म्हणून मला ती महत्त्वाची वाटते. डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे. नावं तुमच्यापैकी अनेकींना माहीत असतील. आपल्या बैठकांत मात्र त्यांच्या कामाचा फक्त गौरव होतो. त्यातून आपण काय घ्यायचं आणि कुठे प्रश्न विचारायचे, हे बोलायचं राहून जातं.

थोडी माहिती आधी सांगते. रजनीकांत राहुरीचे, मेबल जबलपूरच्या. दोघांचं वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालं. १९६० साली लग्न झालं तेव्हाच खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं त्यांनी ठरवलं होतं. पुढे काही वर्षं नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी काम केलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं की बरा करून घरी पाठवलेला पेशंट तोच आजार घेऊन परत येतो. बहुतेक आजार मुळात टाळता येण्यासारखे होते. गढूळ पाणी, अर्धपोटी आई, नाळ कापायला घेतलेला विळा – यांच्यावर हॉस्पिटलातल्या खाटेवर इलाज नव्हता. मग दोघं अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचं शिकून आले आणि १९७० साली जामखेडला त्यांनी काम सुरू केलं.

जामखेड म्हणजे जिल्ह्याचं दक्षिणेकडचं टोक. एका अंगाला बीड, दुसऱ्या अंगाला धाराशिव आणि सोलापूर. पाऊस कमी, जमीन हलकी. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी याच तालुक्यात. पण १९७० साली तिथल्या बाईच्या नशिबी काय होतं ते एका आकड्यात सांगते. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे तेव्हा जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. साधारण दर सहा बाळंतपणांमागे एक पाळणा रिकामा.

आल्या आल्या दुष्काळाशी गाठ पडली. गावांनी सांगितलं, आम्हांला डॉक्टर नको, आधी अन्न आणि पाणी द्या. या दोघांनी ते ऐकलं. मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरं चालू झाली, बोअर घेतल्या गेल्या. हातपंप दलित वस्तीत बसतील असं पाहिलं गेलं, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावं लागेल. ‘पाणी सगळ्यांचं’ असं भाषण करणं सोपं आहे. पंप कुठे बसवायचा ते ठरवताना भूमिका घेणं अवघड आहे.

आता मुद्द्याचं. सुरुवातीला त्यांनी गावोगावी शिकलेल्या नर्सबाई नेमल्या. ते चाललं नाही. तरुण, एकटी, परगावची मुलगी. गाव तिच्यावर विश्वास टाकेना आणि तिलाही गावात सुरक्षित वाटेना. तेव्हा एका सरपंचांनीच सुचवलं की गावातल्याच बाईला शिकवा की. पण गावातल्या बायका तर निरक्षर! तरी ते करायचं ठरलं. निवड गावाने करायची. निवडून आलेल्या बायकांत दलित होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या, विधवा होत्या. बहुतेकींनी पाटी हातात धरलेली नव्हती.

या बायका दर आठवड्याला जामखेडला शिकायला येत. तिथेच राहायचं, एकत्र जेवायचं, एका खोलीत झोपायचं. मराठा बाई आणि महार-मांगाची बाई एका पंगतीला. शिकवणीचा पहिला धडा रोगाचा नव्हता, स्वतःचं नाव सांगण्याचा होता. ‘अमक्याची मंडळी’, ‘तमक्याची आई’ असं नव्हे, स्वतःचं नाव, मोठ्यानं. आपल्या गटांत आपणही हे करतो. नाव सांगताना पदर तोंडात धरणारी बाई तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. डॉक्टरांनी हा धडा आरोग्याच्या शिक्षणात पहिला ठेवला, हे मला फार मोलाचं वाटतं. जिला आपलं नाव उच्चारता येत नाही, ती सासूला ‘बाळाला चीक पाजा’ हे सांगणार कशी?

मग हळूहळू बाकीचं. जुलाब झालेल्या पोराचं पाणी तोडायचं नाही, मीठ-साखरेचं पाणी पाजायचं. नाळ नव्या ब्लेडने कापायची, स्वच्छ दोऱ्याने बांधायची, वर शेण-राख लावायची नाही, म्हणजे धनुर्वात टळतो. गरोदर बाईच्या पायाला सूज आहे का, ती फिकी दिसते का. मूल वजनात मागे पडतंय का. अंगावर बधिर चट्टा दिसला तर कुष्ठरोगाची शंका घ्यायची. खोकला लांबला तर क्षयाची. काय घरी निभावेल आणि काय जामखेडला न्यायचं, ही पारख तिला शिकवली. तिच्या पाठीशी गावोगाव फिरणारं पथक होतं आणि त्याच्या मागे ऑपरेशनची सोय असलेलं हॉस्पिटल. तिला एकटीला वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. ‘बायांना जरा शिकवलं की झालं’ असं म्हणणाऱ्यांनी ही पाठीमागची साखळी नीट पाहावी.

गावात पुरुषांची शेतकरी मंडळं झाली, मग बायकांची महिला विकास मंडळं झाली. बालमृत्यूचं प्रमाण पुढच्या काही दशकांत हजारी १७६ वरून पंचविसाच्या खाली आलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या पुस्तकात जामखेडच्या कामावर प्रकरण होतं, आणि १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली त्यामागे अशा प्रयोगांचा अनुभव होता. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० साली रजनीकांतांना पद्मभूषण. मेबल १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली.

या सगळ्या मानसन्मानांपेक्षा मला १९८८ सालची एक हकीकत जवळची वाटते. जामखेडच्या एक आरोग्य सेविका, मुक्ताबाई पोळ, वॉशिंग्टनला एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलायला गेल्या. सभागृहात मोठी झगमगती झुंबरं होती. त्यांनी सभेला जे सांगितलं त्याचा आशय असा. झुंबर सुंदर आहे, पण महाग आहे आणि हाताला लागत नाही. मग त्यांनी दोन साध्या वातीचे दिवे काढले, एक लावला, त्यावरून दुसरा लावला. म्हणाल्या, हा दिवा स्वस्त आहे, पण त्याचा उजेड दुसऱ्या दिव्याला देता येतो. मी या दिव्यासारखी आहे. आरोग्याची इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्या तज्ज्ञाकडून ऐकलेली नाही.

डॉक्टरकी ही कुलपात ठेवायची वस्तू नाही, आणि वाटल्याने डॉक्टर लहान होत नाही, हे आरोळे दाम्पत्याने दाखवून दिलं. त्यांची सेवा मोजायची तर किती पेशंट तपासले ते मोजू नका. स्वतःजवळचं किती ज्ञान आणि किती अधिकार त्यांनी अशा बायकांच्या हाती दिला, ज्यांच्या हातचं पाणीही गाव पीत नव्हतं, ते मोजा.

आता प्रश्न. आपण स्त्री चळवळीतल्या बायका आहोत, तेव्हा हा विचारायलाच हवा. गावातल्या या सेविकांना पैसे किती मिळत? जामखेडची भूमिका अशी की आरोग्य सेविका ही पगारी नोकर नव्हे, ती गावाची बाई. मानधन नाममात्र, आणि पोटासाठी छोटे धंदे, कर्ज, मंडळं यांची मदत. यामागचा विचार मला समजतो. पगार आला की बाई गावाची न राहता वरच्या साहेबाची होते, अशी ती भीती. आणि त्या बायकांना तिथे मान मिळाला, घरात शब्दाला किंमत आली, हेही खरं. पण हाच शब्द, ‘सेवा’, सरकारच्या हातात पडला की काय होतं ते आपण बघतो आहोत.

१९७७ साली केंद्र सरकारने गावोगावी आरोग्यसेवक नेमायची योजना आणली. नेमले गेले ते बहुतेक पुरुष! २००५ साली आशा आल्या. बाईच असावी, त्याच गावची असावी, हे धडे सरकारने घेतले. पण अट घातली आठवी पासची. म्हणजे जामखेडला ज्यांनी हे काम उभं केलं, त्या बायका आशा होऊच शकल्या नसत्या. आणि पगाराऐवजी दर कामामागे मोबदला. बाळंतपणाला नेलं तर इतके, लस टोचून घेतली तर इतके. कोविडमध्ये दारोदार फिरल्या त्या आशाच. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. तरी कागदोपत्री त्या अजून ‘स्वयंसेविका’. महाराष्ट्रात सुमारे ७० हजार आशा आहेत. २०२१, २०२३ आणि २०२४ मध्ये त्यांना संपावर जावं लागलं, तेव्हा कुठे मार्च २०२४ मध्ये दरमहा ५ हजारांची वाढ मंजूर झाली. डॉक्टरने सेवा केली तर पद्म मिळतं. बाईने सेवा केली तर ‘तुम्ही स्वयंसेविका आहात’ असं ऐकायला मिळतं.

पैशाचं झालं, पण ज्ञानाचं काय? मी नगर-बीडच्या सीमेवरच्या गावांत शिबिरं घेते. बायकांना विचारते, डॉक्टरने काय सांगितलं? उत्तर ठरलेलं – ‘सुई दिली, सलाईन लावलं.’ कसली सुई, कशासाठी, ते तिला कोणी सांगितलेलं नसतं आणि विचारायची तिची टाप नसते.

हे गप्प राहणं किती महाग पडतं ते शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवलं. २०१९ साली ऊसतोड कामगार बायकांचं सर्वेक्षण झालं. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यात तिशी-पस्तिशीतल्या कितीतरी. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बायकांनी काय सांगितलं? अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोटात दुखत होतं, डॉक्टर म्हणाला पिशवी काढा नाहीतर कॅन्सर होईल. त्यात कोयत्याचं काम. पाळीत खाडा पडला तर मुकादम पैसे कापणार. फडावर ना मोरी, ना पाणी. साध्या गोळ्यांनी बरा होणारा जंतुसंसर्ग आणि त्यासाठी कापाकापी! याच बाईच्या टोळीत मुक्ताबाईंसारखी एक जरी असती, तर ‘थांब, आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवू’ एवढं म्हणणारं माणूस तिच्याजवळ असतं.

म्हणून मैत्रिणींनो, या दोन्ही गोष्टी एकत्र मागायला हव्यात. आशाताईंच्या मोर्चात आपण त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहू, कारण त्यांचं काम हे काम आहे, त्याला पगार, रजा, पेन्शन हवी. आणि त्याच वेळी म्हणू की त्यांना नुसत्या नोंदी भरायला लावू नका, शिकवा. दर महिन्याच्या बैठकीत रजिस्टर तपासण्याइतकाच वेळ शिकण्याला द्या. न शिकलेल्या पण हुशार, धीट बायकांना वाट ठेवा. ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक टोळीत औषधाची पेटी वापरता येणारी एक बाई असावी आणि तिला तिच्या कामाचे पैसे मिळावेत.

आणि घरी गेल्यावर एक काम लगेच करता येईल. आपल्या गटातल्या प्रत्येकीने आपला शेवटचा डॉक्टरचा कागद काढायचा. त्यावर आजाराचं नाव काय, औषध कशाचं, किती दिवस, हे समजतंय का ते सगळ्यांनी मिळून बघायचं. नाही समजलं तर चार-पाच जणींनी मिळून त्याच डॉक्टरकडे जायचं आणि विचारायचं. एकटीला तो उडवून लावेल, पाच जणींना लावणार नाही. तुमच्या भागात नीट समजावून सांगणारा, सांगणारी डॉक्टर असेल तर त्यांना बैठकीला बोलवा आणि खुर्चीवर न बसवता आपल्यात सतरंजीवर बसवा. पुढच्या शिबिराला येताना त्या कागदांचं काय झालं ते मला ऐकायचं आहे.