तारेवरचं कवच कोणासाठी?

(चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



विषय ठरत होता तेव्हा तुमच्यातल्या दोघीतिघींनी विचारलं, वायरीच्या कारखान्यांचा आणि आमचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे कोळसा आहे, सिमेंट आहे, बल्लारपूरचा कागद आहे, आता सुरजागडचं लोखंडही निघतंय. वायर बनते ती पुण्याकडे, दमण-सिल्वासाकडे, गुजरातेत. पण आपल्या गावात बाई करंट लागून मरते तेव्हा कारण बहुधा अगदी साधं असतं. तारेवर जे वेष्टन असायला हवं होतं ते नव्हतं, किंवा होतं ते फाटलेलं होतं. म्हणून आज त्या वेष्टनाविषयी बोलणार आहे.

सुरुवात पळसापासून करते. पळसाला लाख धरते, कुसुमला धरते, हे मी तुम्हाला सांगायला नको. शेजारच्या गोंदियात लाखेचे कारखाने होते. ही लाख बांगड्यांना आणि पॉलिशला लागायची हे आपल्याला ठाऊक असतं, पण विजेच्या धंद्यालाही ती लागायची. यंत्रांमधल्या तारांच्या गुंडाळ्यांना लाखेचं रोगण देत, अभ्रकाचे पापुद्रे लाखेने चिकटवत. कारण लाखेतून वीज जात नाही. पुढे मागणी इतकी वाढली की लाखेला पर्याय शोधता शोधता अमेरिकेत बेकलंड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली बेकेलाइट तयार केलं. जुन्या घरांतली ती काळी बटणं आठवतात ना, ते बेकेलाइट.

त्याच्याही आधीची गोष्ट आहे. १८७० साली सुएझहून एडनमार्गे मुंबईपर्यंत समुद्राखालून तारायंत्राची केबल आली. पाण्यात तांब्याची तार उघडी कशी टाकणार? तिच्यावर गटापर्चा नावाच्या चिकाचं वेष्टन होतं. हा चीक मलाया, सुमात्रा, बोर्निओच्या जंगलातल्या झाडांचा. तो काढायला झाडच आडवं करत, आणि केबलच्या कंपन्यांची भूक एवढी मोठी की कित्येक भागांतून ते झाड दिसेनासं झालं. गोळा करणारे लोक जंगलातलेच, तुमच्याआमच्यासारखे. केबल मात्र साहेबाच्या तारा पोचवण्यासाठी.

मला यात एक गोष्ट दिसते. तारेवरचं कवच आलं जंगलातून, आणि जंगलात राहणाऱ्यांना मिळालं सगळ्यात शेवटी. अनेकींना अजून मिळालेलंच नाही.

आता कारखान्यात जाऊ. वायरीचा कारखाना आतून कसा असतो? तांब्याचा बोटाएवढा जाड रॉड येतो. आपल्या गोंदियाला लागून बालाघाट जिल्हा आहे, तिथे मलाजखंडला हिंदुस्तान कॉपरची देशातली सर्वात मोठी तांब्याची खाण आहे, तीही आदिवासी मुलखातच. तो रॉड एकाहून एक लहान भोकांच्या डायमधून ओढत ओढत केसासारखा बारीक करतात. ओढून ओढून तार कडक होते, म्हणून ती तापवून परत नरम करतात. मग बऱ्याच बारीक तारा एकत्र पिळतात. नंतर ही पिळलेली तार वितळलेल्या पीव्हीसी प्लॅस्टिकमधून जाते, बाहेर पडते ती लाल, पिवळा किंवा काळा अंगरखा घालूनच. लगेच पाण्याच्या लांब हौदातून थंड करतात. त्यानंतर ठिणगीची परीक्षा होते. वेष्टनात सुईच्या अग्राएवढं जरी भोक राहिलं तरी यंत्र ओळखतं. शेवटी नव्वद मीटरचं बंडल बांधतात. पिंपरीत फिनोलेक्सने १९५८ पासून हे काम सुरू केलं, पुढे देशभर अनेक कारखाने निघाले. २००३ सालच्या सरकारी आदेशाने वायरीवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तरी आठवडी बाजारात बिनमार्काची, आत नावालाच तांबं असलेली वायर मिळते, आणि ती कोण घेतं हे सांगायची गरज नाही.

या धंद्यात बाया कुठे आहेत? तार ओढण्याच्या यंत्रांवर बहुतेक पुरुष. बाया भेटतात पुढच्या टप्प्यावर, मोटारगाड्यांसाठी वायरींचे गुच्छ बांधतात तिथे. त्याला हार्नेस म्हणतात. एका मोटारीत किलोमीटरभर आणि त्याहून जास्त वायर असते. ती कापायची, टोकं सोलायची, टोकाला पितळी टर्मिनल दाबून बसवायचं, मोठ्या फळ्यावर खुणांप्रमाणे मांडायची, टेप गुंडाळायची. हे हातानेच होतं. पुण्याजवळ चाकण पट्ट्यात अशी कामं आहेत, आणि मालक मुलीच मागतात. का? म्हणे मुलींची बोटं नाजूक असतात आणि मुली निमूट काम करतात. बोटं नाजूक आहेत हे कौतुक पगारात दिसत नाही, हे वेगळं. रोवणी करतानाही आपल्याला हेच ऐकवतात, नाही का?

आपल्या भागातून आयटीआय झालेल्या, बारावी झालेल्या मुली तिकडे जातात. एका खोलीत सहासहा जणी राहतात. त्यांना जाऊ नको म्हणायला मी आलेली नाही. स्वतःच्या नावावर पैसा येणं ही लहान गोष्ट नाही, आणि गावात राहून लग्नाची वाट बघत बसण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. पण जाताना हातातला कागद वाचून जा. त्यावर ‘कामगार’ लिहिलंय की ‘शिकाऊ’? १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याचं कलम १८ सांगतं की शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, कामगार कायदे त्याला लागू नाहीत. म्हणजे तीच फळी, तीच टेप, तेवढेच तास, आणि कायद्याच्या डोळ्यांना ती मुलगी काम करतच नाही, शिकते आहे. मात्र त्याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे शिकाऊ मुलीला कामावर इजा झाली तर भरपाई मालकालाच द्यावी लागते. टर्मिनल दाबायच्या यंत्रात बोट गेलं आणि ‘तू तर ट्रेनी आहेस’ म्हणून घरी पाठवलं, तर तिला हे कलम ठाऊक पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात बायांना रात्रपाळी खुली झाली, पण तिच्या संमतीने आणि सुरक्षेची सोय करून. संमती कशी घेतात ते आपण जाणतोच. नोकरीच्या पहिल्या दिवशी दहा कागदांवर सह्या घेतात, त्यातच ती असते.

आणि वायर जुनी झाली की? भंगारात जाते. तांबं काढायला सोपा उपाय म्हणजे जाळणं. शहरांच्या कडेला, नाल्याच्या काठी बाया आणि पोरं वायरींचे ढीग पेटवतात. पीव्हीसी जळताना निघणारा धूर घसा आणि फुफ्फुसं जाळतो, त्यात डायॉक्सिनसारखी विषं असतात, जुन्या वेष्टनांत शिसंही असे. ज्या कवचाने दुसऱ्याचं घर सांभाळलं त्याचा धूर शेवटी कचरा वेचणारीच्या छातीत जातो.

आता आपल्या गावाकडे येते.

चंद्रपूरच्या वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. कोळसा इथला, पाणी इरईचं, राख आणि धूर इथल्या उशापायथ्याशी. १९९९ पासून पाचशे किलोव्होल्टची एक लाइन इथून थेट मुंबईजवळच्या पडघ्याला वीज नेते, ७५२ किलोमीटर. त्या लाइनीवर चिनी मातीच्या बशांच्या माळा आहेत, रुंद पट्टा मोकळा ठेवलेला आहे. त्या विजेची काळजी नीट घेतली जाते. आपल्या टोल्यावर काय येतं? वाकलेला खांब, बांबूच्या रांजीला घासणारी उघडी तार, आणि खांबापासून घरापर्यंत सर्व्हिस वायर, जिच्या सांध्यावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली आहे. २०१७ च्या सौभाग्य योजनेत पुष्कळ घरांत मीटर लागले, दिवा लागला, आनंद आहे. पण टिनाचं छप्पर, ओली भिंत आणि सोललेली वायर या तिघांची गाठ पडली की पहिला झटका घरात वावरणाऱ्या बाईला बसतो. कपडे वाळत घालायची लोखंडी तार आठवा. तिचं एक टोक पत्र्याला, दुसरं खांबाला. पावसाळ्यात ओला लुगडा टाकायला गेली आणि चिकटली, अशी बातमी दरवर्षी कुठून ना कुठून येते. गळती होताच वीज तोडणारं यंत्र असतं, ईएलसीबी म्हणतात, तीस मिलीअँपिअर गळती झाली तरी क्षणात बंद करणारं. शहरातल्या नव्या घरांत ते असतंच. वर्षानुवर्षं नियमातच लहान घरगुती जोडण्यांना त्यातून सूट होती. ही सूट कोणाच्या सोयीची, सांगा बरं.

आणि मग शेतातली तार. हा आपल्यातला सर्वात अवघड विषय आहे, म्हणून मी तो टाळणार नाही.

धान निसवतं तेव्हा रानडुकरं येतात. एका रात्रीत बांधी लोळवतात. वर्षाचं पोट जातं, आणि नुकसानीचा पंचनामा होऊन पैसे येईपर्यंत पुढचा हंगाम येतो. म्हणून शेतकरी बांधावर खुंट्या ठोकतो, बाइंडिंग तार ओढतो आणि लाइनीवर आकडा टाकतो. ना वेष्टन, ना खूण. डुकरासाठी लावलेल्या त्या तारेला पहाटे अंधारात बाहेर बसायला गेलेली बाई लागते, कापणीला निघालेली लागते, कधी लावणारा स्वतः लागतो. वाघही मरतात, शिकारीही हीच युक्ती करतात. मग पोलिस येतात, सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. एका घरात प्रेत, दुसऱ्या घरातला पुरुष जेलमध्ये, आणि दोन्ही घरांत मागे उरते ती बाई. दोघी एकाच बचत गटात असतात बरं का. परवापर्यंत एकमेकींच्या रोवणीला गेलेल्या असतात. वाघाने माणूस मारला तर सरकार पंचवीस लाख देतं. तारेने मारला तर आधी चूक कोणाची हे ठरवायला वर्षं जातात.

‘तारा लावू नका’ एवढं सांगून ही गोष्ट सुटत नाही. ज्याचं धान जातंय तो ऐकणार नाही. त्याला झटका मशीन, म्हणजे सौर कुंपण मिळालं पाहिजे. त्यात वीज क्षणभरच येते, सेकंदा-दीड सेकंदातून एकदा, जनावर उडी मारून पळतं, मरत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून ते अनुदानावर मिळतं. अडचण अशी की अर्जाला सातबारा लागतो, आणि सातबारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. विधवेची, टाकलेल्या बाईची जमीन कसायला असते, कागदावर नसते. वनहक्काचा पट्टा असेल तर बघा, २००६ च्या कायद्याप्रमाणे तो नवराबायको दोघांच्या नावाने असायला हवा. नसेल तर तो दुरुस्त करून घेणं हे आपल्या गटांचं या वर्षीचं काम आहे.

लाइनीलाही कवच घालता येतं. एबी केबल म्हणतात, प्लॅस्टिकचं वेष्टन असलेल्या तारा पिळून खांबावर टांगतात. तिच्यावर आकडा टाकता येत नाही, फांदी पडली तरी झटका बसत नाही. महाग पडते, म्हणून चोरी थांबवायची तिथे आधी घातली जाते. माळढोक पक्षी तारांवर आदळून मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली राजस्थान-गुजरातेत लाइनी जमिनीखाली न्यायचा आदेश दिला होता, २०२४ मध्ये तो सैल केला. मला त्या पक्ष्याचा हेवा नाही, तो वाचलाच पाहिजे. पण त्या खटल्यामुळे एक कबूल झालं की लाइन कशी टाकायची हा पैशाइतकाच जिवाचाही प्रश्न आहे. मोहफूल वेचायला पहाटे तीनला निघणाऱ्या बाईसाठी ग्रामसभेने हाच ठराव का करू नये? वन आणि वीज दोन्ही खात्यांना तो पाठवा आणि पोच घ्या.

शेवटी एक कामाची माहिती. १९९७ साली पावसात एक तार तुटून रस्त्यावर पडली, सायकलवरून जाणारा माणूस गेला. त्याच्या बायकोने मध्य प्रदेश वीज मंडळावर दावा लावला. मंडळ म्हणालं, कोणीतरी चोरून तार ओढली होती, आमचा काय दोष. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एवढी घातक वस्तू जो लोकांमधून नेतो, जबाबदारी त्याची. दुसऱ्याने आकडा टाकला या सबबीवर मंडळाला सुटता येणार नाही. प्रत्येक दावा याने जिंकता येईल असं मी म्हणत नाही, पण लाइनमन ‘तुमच्याच माणसाची चूक’ म्हणायला लागला की हा निकाल ठेवा पुढे.

त्यासाठी पहिल्या दिवशी जागं राहावं लागतं. अपघात झाला की चोवीस तासांत विद्युत निरीक्षकाला कळवायचं असतं. कळवलं की नाही, लेखी विचारा. खांबाचा, तारेचा, जमिनीपासूनच्या उंचीचा फोटो काढा, शेजारी उभी राहून एखादीने हात वर केला तरी उंची कळते. पंचनाम्यात तार कुठे पडली होती ते लिहून घ्या, बिनवाचता अंगठा देऊ नका. आणि तुटलेली तार लगेच गुंडाळून न्यायला लागले तर त्यांना थांबवा. तिचा एक हातभर तुकडा पंचांसमोर सील करून घ्या.