मुक्या जिवांचा संकेत आणि आपली कला

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या तरुण सभासदांनी एका आगळ्या प्रदर्शनाचा मनोदय व्यक्त केला आहे. पिंजऱ्यातील पाखरांच्या हालचालींनी सूर उमटावेत, दिवे उजळावेत, अशी ती कल्पना. आम्ही कलासमीक्षक नव्हे, शास्त्रज्ञही नव्हे. केंद्र सरकारच्या फायलींत केस पिकलेले साधे बी. ए. आहोत. तरीही निर्णयापूर्वी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

कल्पना निराधार नाही. २०१० साली लंडनच्या बार्बिकन केंद्रात सेलेस्त बूर्सिये-मूजनो या फ्रेंच कलावंताने विजेच्या गिटारी आडव्या मांडून त्यांवर झेब्रा फिंच पक्षी मोकळे सोडले होते. पाखरू तारेवर बसले की नाद उमटे. प्रेक्षक जवळून चालला की पाखरे उडत आणि नाद बदले. मात्र याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला डेन्मार्कमधील कोल्डिंग आहे. तेथील ट्रापहोल्ट संग्रहालयात २००० साली मार्को एवारिस्ती यांनी मिक्सरच्या भांड्यांत जिवंत मासे ठेवले आणि बटण प्रेक्षकांच्या हाती दिले. काहींनी ते दाबले. संचालकांवर खटला झाला व ते निर्दोष सुटले. परंतु कायद्यातून सुटलेला प्रश्न मनातून सुटतोच असे नाही.

संकेत म्हणजे केवळ नाद नव्हे, हे आपल्या मध्य प्रदेशानेच शिकविले आहे. २००९ साली पन्ना येथे एकही वाघ उरला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात पेंचहून टी-३ हा नर तेथे आणला गेला. त्याच्या गळ्यात रेडिओपट्टा होता. थोड्याच दिवसांत तो पन्ना सोडून दक्षिणेकडे, आपल्या पेंचच्या दिशेने निघाला. वनखात्याची माणसे पट्ट्याचा संकेत ऐकत त्याच्या मागावर राहिली. चारशे किलोमीटरांहून अधिक भटकंतीनंतर डिसेंबरात त्याला परत आणण्यात आले. एप्रिल २०१० मध्ये पन्नात बछडे जन्मले.

यंत्राला त्या संकेतात दिशा तेवढी कळत होती. घरची ओढ ओळखायला माणूस लागला. पोटासाठी परमुलखात आलेल्या आपणां मराठी मंडळींना ती ओढ कोणी समजावून सांगावी काय?

म्हणून आमची सूचना अशी. प्रदर्शन अवश्य व्हावे, पण पिंजऱ्याविना. आपल्याकडील रानपाखरे पिंजऱ्यात ठेवण्यास १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो. आणि परदेशी पाखरे आणली तरी मंडपातील गोंगाटाने त्यांचा जीव घाबरा होणारच. त्याऐवजी कान्हाच्या रानातील आवाज ध्वनिमुद्रित करून आणावेत. मुलाने एका जागी पाऊल ठेवताच चितळाची धोक्याची हाक ऐकू यावी, दुसऱ्या जागी वानराचे खोकल्यासारखे ओरडणे. आणि हा आवाज कोणासाठी, कशासाठी, हे शेजारी मराठीत लिहिलेले असावे. वनखात्याच्या नोकरीत राहून रानाची भाषा मराठीत आणणारे कै. मारुती चितमपल्ली यांची पुस्तकेही तेथे मांडावीत.

तरुणांची हौस मोडू नये, तसाच पाखरांचा जीवही शिणू नये. दोन्ही साधणारी कला आपल्या मंडळाला शोभेल.